चिडचिड होत असेल तर आधी तिचं नेमकं नाव शोधा

चिडलेल्या माणसाला "शांत हो" म्हणू नये. सांगून कुणी शांत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. सरकारी रुग्णालयात मी अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका होऊन निवृत्त झाले. बहुतेक नोकरी मेडिसिन वॉर्डात गेली. तिथं पेशंट चिडतात, नातेवाईक चिडतात, साफसफाई आणि वरकाम करणाऱ्या मावशी आणि मामा चिडतात, रात्रपाळी संपायच्या वेळी सिस्टर चिडतात, आणि सकाळपासून चहासुद्धा न मिळालेला डॉक्टर राऊंडला चिडतो. एवढ्या चिडण्याच्या सहवासात राहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. "त्याचा स्वभावच तसा" म्हणून चिडचिड सोडून द्यायची नसते. तापासारखंच ते लक्षण आहे. अंग तापलं की आपण कारण शोधतो, तसंच इथंही शोधायचं.

शोधायला सुरुवात शब्दापासून करा. चिडण्याच्या तऱ्हा सांगणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, आणि आई-आजीनं ते नेमके वापरले आहेत. "ती आज कातावली आहे" आणि "ती त्रागा करते आहे" या दोन वाक्यांवर घरातल्यांनी करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. दोन्ही वेळा आपण नुसतं "तिची चिडचिड चालली आहे" म्हटलं, तर काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

कोणता शब्द, कुठं बघायचं

कातावतो तो माणूस एकाच गोष्टीच्या माऱ्यानं. लहान मूल दर मिनिटाला "आई, आई" करतं, फोन वाजत राहतो, पलीकडच्या खाटेवरचे काका सलाईन संपायला किती वेळ म्हणून सारखं विचारतात. एकेक हाक क्षुल्लक असते, पण त्यांची भुणभुण माणसाला कातावून सोडते. अशा वेळी समजावण्याचा काही उपयोग नसतो, कारण समजावणं म्हणजे आणखी एक आवाज. करायचं एवढंच की पंधरा-वीस मिनिटं तो मारा दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायचा. मुलाला गच्चीवर न्या, फोन तुम्ही उचला. स्वतः कातावला असाल तर तसं स्पष्ट बोला: "मी आत्ता कातावले आहे, जरा वेळ मला काही विचारू नका." हे वाक्य बोलायला बायकांना फार जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी बोला.

वैताग वेगळा. काम आपल्या हातात नाही आणि ते कधी संपणार तेही कळत नाही, तिथं माणूस वैतागतो. रेशनच्या रांगेत, "सर्व्हर डाऊन आहे" म्हणणाऱ्या खिडकीसमोर, उशीर झालेल्या एसटीची वाट बघताना. ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला "थांबा जरा" म्हटलं की वैताग वाढतो. "साहेब साडेअकराला येतात, उशीर झाला तर मीच तुम्हाला सांगायला येईन" म्हटलं की निम्मा उतरतो, आणि साहेब साडेबाराला आले तरी तो माणूस अंगावर येत नाही; मात्र सांगायला खरंच जावं लागतं. घरातही हेच. "येतो थोड्या वेळात" म्हणण्यापेक्षा "आठ वाजतील" म्हणा.

त्रागा हा स्वतःवर काढलेला राग. ताट सरकवायचं, "मला नकोच तुमचं जेवण" म्हणायचं, कपाळावर हात मारून घ्यायचा. आपलं कुणी ऐकत नाही, ही भावना त्याच्यामागे बहुतेक वेळा असते. म्हातारी माणसं, नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली आणि दहावी-बारावीची मुलं यांच्यात तो मी जास्त पाहिला. मनधरणी केली की त्रागा लांबतो, आणि "नाटकं नकोत" म्हटलं तर खोल जातो. शेजारी बसा आणि विचारा, "काय सांगत होतीस, मी ऐकलं नाही?" मग मध्ये न बोलता ऐका. त्राग्याच्या भरात कुणी मरणाची भाषा केली तर ती रागातली म्हणून सोडायची नाही. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारलं की माणूस बोलता होतो. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

चडफड म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याला बोलताच येत नाही अशी अवस्था. वरिष्ठ, सासरे, घरमालक, उसने पैसे दिलेला भाऊ. दिवसभर चडफडलेला माणूस घरी येऊन मुलाच्या दप्तरावरून ओरडतो, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघतं आणि वांग्याला काही कळत नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी खऱ्या माणसाचं नाव घ्यायची सवय लावा. आमच्या घरी "आज ऑफिसातलं डोक्यात आहे, तुमच्यावर नाही" एवढं वाक्य चालतं. सून बँकेत आहे. मार्चअखेरीला हे वाक्य ती चपला काढता काढता म्हणते, आणि त्या दिवशी नातू अभ्यासाचं विचारायला माझ्याकडे येतो.

तणतण बहुतेक कामाच्या वाटणीशी जोडलेली असते. ती चालता-फिरता होते, कुणाचं नाव न घेता, भांड्यांच्या आवाजात. घरात कुणी तणतणत असेल तर "काय झालं?" असं विचारत बसू नका. काय झालंय ते सगळ्यांना दिसत असतं. उठा आणि हातातलं काम घ्या. धुसफूस दोघांमधली, झाकलेली असते, आणि ती कामावरून किंवा पैशांवरून असते. ती बसून, वाटणी करूनच मिटते; औषधानं किंवा ध्यानानं मिटत नाही.

आणि मग करवादणं, खेकसणं, वसकन अंगावर येणं. हे एकदम येतं, घटकाभरात ओसरतं, आणि नंतर त्या माणसालाच वाईट वाटतं. आधी चांगलं वागणारा माणूस असं करायला लागला तर मी मनाचा विचार नंतर करते. आधी अंग तपासते.

आधी अंग, मग मन

माणदेशातला एक शेतकरी आमच्याकडे दाखल होता. मधुमेह जुना, पायाला जखम. माणूस इतका मवाळ की मावशीलाही "अहो ताई" म्हणायचा. एके दिवशी पोटाच्या सोनोग्राफीसाठी त्याला उपाशी ठेवलेलं. नंबर लागायला अकरा वाजून गेले. मावशी खाटेखालचं पुसायला आल्या, तर त्यानं पाण्याचा तांब्या भिरकावला आणि ओरडला, "हात लावू नगा म्हणतोय न्हवं!" बायको रडायला लागली. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "ह्यांना वेड लागलं." मी जवळ गेले तेव्हा कपाळावर घामाचे थेंब होते, पंखा चालू असूनही बंडी ओली. हात धरला तर थरथरत होता. पहाटेच शुगरची गोळी घेतलेली आणि वर पोटात काही नाही. बोटाला टोचलं, शुगर ५४.

अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. बायकोनं पेला धरला, त्यानं आधी तोंड फिरवलं, मग प्यायला. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, शुगर वर आलेली. सोनोग्राफीची वेळ बदलून घेतली आणि त्याला बिस्किटं दिली. तांब्या कुणी फेकला ते त्याला नीटसं आठवतही नव्हतं. मावशींची त्यानं दोनदा माफी मागितली.

हे नीट लक्षात ठेवा, कारण मधुमेह घराघरांत आहे. गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेला माणूस अचानक चिडला, आणि सोबत घाम, थरथर, धडधड किंवा बरळणं असेल तर शुगर ७० च्या खाली गेली असं समजून चाला. घरात ग्लुकोमीटर नसेल तरी थांबू नका. साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटं थांबा, फरक नसेल तर परत द्या. चॉकलेट किंवा मलईचं दूध देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा जाते. बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दहीभात असं काही खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

मधुमेह नसलेल्यांनाही भुकेनं कमी-जास्त प्रमाणात हेच होतं. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या घरात संध्याकाळी सातनंतर कुणी महत्त्वाचं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. उपास करणाऱ्यांनी दुपारनंतर ताक, फळं, भाजलेले शेंगदाणे असं काहीतरी थोडं थोडं घ्यावं. निर्जळीच करायची असेल तर घरच्यांना तसं आधी सांगावं.

भुकेनंतर झोप. रात्रपाळी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण रात्री घोरणाऱ्या आणि सकाळी डोकं जड घेऊन उठणाऱ्या माणसाकडे घरातले दुर्लक्ष करतात. "ते रात्रभर छान घोरत होते" याचा अर्थ ते छान झोपले होते असा होत नाही. घोरता घोरता श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल आणि स्वभाव चिडखोर झाला असेल, तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास थांबण्याचा तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

तिसरं दुखणं. पुरुष दुखतंय म्हणत नाहीत, खेकसतात. दाढ, गुडघा, मूळव्याध, कित्येक दिवसांचा बद्धकोष्ठ. मूळव्याधीचं तर कुणी बोलतच नाही. म्हणून मी चिडलेल्या माणसाला तीनच गोष्टी विचारते: खाल्लंस का, झोपलास का, कुठं दुखतंय का. वॉर्डातली निम्मी भांडणं या तिन्हींच्या उत्तरात सापडायची.

मिश्री, चहा आणि दारू

वॉर्डात दाखल झालेली पन्नाशीची बाई दुसऱ्या दिवशी विनाकारण सुनेवर खेकसायला लागली की मी हळूच विचारायची, "मावशी, मिश्री लावायची सवय आहे का?" आधी नाही म्हणायच्या, पदरानं तोंड झाकायच्या, मग हो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती, गायछाप, विडी, गुटखा, काहीही एकदम सुटलं की चोवीस तासांच्या आत चिडचिड सुरू होते. पहिल्या तीन-चार दिवसांत ती सगळ्यात जास्त असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. घरातलं कुणी तंबाखू सोडत असेल तर या दिवसांत त्याचं बोलणं मनावर घेऊ नका आणि "त्यापेक्षा खा बाबा एकदाची" असं तर मुळीच म्हणू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११२-३५६. निकोटिनची च्युइंग गमही मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या.

चहाचंही तसंच, फक्त सौम्य. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्यानं एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं धरतं आणि माणूस करवादतो. दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी केला की हे होत नाही.

दारूचं मात्र वेगळं आहे आणि ते गंभीर आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर, घाम आणि चिडचिड सुरू होते, पुढं फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हातपाय मोडून आलेल्या रुग्णाला दाखल करताना नातेवाईक दारूची सवय लपवतात आणि तिसऱ्या रात्री तो पलंगावरून उड्या मारायला लागतो. लाजू नका. दाखल करतानाच सांगा. डॉक्टर त्यावर औषध देऊ शकतात.

बायकांची चिडचिड, मुलांची, म्हाताऱ्यांची

बायकांच्या चिडचिडीला घरात दोनच उत्तरं मिळतात. एक, "हिचे ते दिवस आले वाटतं." दुसरं, "वय झालं." दोन्ही तोंडावर टाकायची उत्तरं नव्हेत. पण दोन्हीमागे शरीराचं खरं कारण असू शकतं, म्हणून ते नीट तपासायचं. पाळीच्या आधीचे काही दिवस चिडचिड होते आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरते असं वाटत असेल तर लागोपाठ दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवा आणि ती घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. निदान अशा नोंदीवरूनच होतं. चाळिशीच्या मध्यावर पाळी मागेपुढे व्हायला लागली, अंगातून एकदम वाफा निघतात, रात्री घाम फुटून झोप मोडते, असं असेल तर ती रजोनिवृत्तीच्या आधीची अवस्था असू शकते. खरी चोर तिथं मोडलेली झोप असते.

आणि थायरॉईड. भूक चांगली असून वजन उतरतंय, उकाडा सोसत नाही, छातीत धडधडतं, हात पुढं धरले की बोटं कापतात आणि नाकावर राग असतो, असा मेळ जमला तर टीएसएचची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉईडचा स्राव वाढल्यावर हे होतं. ज्यांचा स्राव कमी म्हणून गोळी चालू आहे, त्यांची मात्रा जास्त झाली तरी हेच होतं.

लहान मूल सारखं किरकिर करतं, चेहरा पांढुरका दिसतो, माती किंवा खडू खातं, तर हिमोग्लोबिन बघा. लोहाची कमतरता मुलांना किरकिरं करते. खोकल्याच्या किंवा ॲलर्जीच्या औषधात माँटेल्यूकास्ट असेल आणि ते सुरू झाल्यापासून मूल चिडकं झालं असेल, झोपेत दचकत असेल, तर डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये या औषधावर मनावरच्या परिणामांबद्दल कडक इशारा छापायला लावला आहे. फिटच्या आजारात दिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम, आणि स्टेरॉईडही, काहींना चिडखोर करतं. यातलं काहीही आपल्या मनानं बंद करायचं नाही. फिटची गोळी तर एक दिवसही चुकवायची नाही. डॉक्टर बदलून देतील.

वयात आलेल्या मुलामुलींचं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. ते कित्येकदा चिडण्यातून दिसतं. दार आपटणं, मित्र तुटणं, खेळ सोडणं, जेवण-झोप बिघडणं, हे दोन आठवडे टिकलं तर "या वयात असंच असतं" म्हणून गप्प बसू नका.

म्हाताऱ्या माणसांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यांना सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात. "आबा तुसडे झाले." आबा तुसडे झाले असं ऐकलं की मी त्यांच्या कानामागे उभी राहून बेतानं हाक मारून बघते. बहुतेकदा आबांना ऐकूच येत नसतं. सगळे हसतात ते आपल्याला, असं त्यांना वाटतं; काय बोललात म्हणून दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते; मग ते बोलणंच तोडतात. कानातला मळ काढणं किंवा श्रवणयंत्र लावणं यानं बदललेले आबा मी पाहिले आहेत. संध्याकाळ झाली की दरवेळी अस्वस्थ होणारी, घरातच "मला घरी जायचंय" म्हणणारी आजी वेगळी. तिथं स्मृतिभ्रंशाचा विचार करायचा. खोलीत दिवा लवकर लावायचा आणि तिच्याशी वाद घालायचा नाही.

आणि कालपर्यंत ठीक असलेलं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत एकदम चिडखोर, गोंधळलेलं, माणसं न ओळखणारं झालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीही असू शकतं. याला वेळ घालवायचा नसतो.

माणसाला नाव चिकटवू नका

आता शब्दांची दुसरी बाजू. वर सांगितलेले शब्द अवस्थेचे आहेत. तापट, तिरसट, तुसडा, चिडका हे शब्द माणसाचे. त्यांतही फरक आहेच. तापट माणूस भडकतो आणि लगेच निवतो, मनात ठेवत नाही. तिरसट माणूस राग आलेला नसतानाही उत्तर वाकडंच देतो. मोठ्या माणसांबद्दल घरात बोलताना हे शब्द वापरले जाणारच. पण मुलांच्या बाबतीत मी कुणालाही वापरू देत नाही. शाळेच्या पटांगणात "चिडका बिब्बा चिडला" म्हणून एकाला घेरतात, मूल चिरडीला येतं, आणि ते चिरडीला आलं की पोरांना आणखी मजा वाटते. घरात तरी हे होऊ नये. "तू चिडका आहेस" म्हटलेलं मूल तसंच वागायला लागतं. "तू आत्ता चिडला आहेस" म्हटलं की ते संपणारं काहीतरी आहे एवढं त्याला कळतं. माझा नातू पाच वर्षांचा असताना "आजी, मी कातावलोय" म्हणायला शिकला. तेव्हापासून त्याचं वस्तू फेकणं कमी झालं. शब्द हाताशी असला की हात उगारावा लागत नाही, हे मी त्याच्यात पाहिलं.

वेळ मांडून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा मांडतो, त्याच चौकटीत हेही मांडा. कितीला चिडलो, कोणता शब्द लागू पडतो, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं, रात्री किती झोपलो. तारखेच्या चौकटीत "७ सं., खेकसले, जेवण १ ला, झोप ५" एवढं मावतं. महिनाभर ठेवा. कारण विचारपूर्वक शोधावं लागत नाही, चौकटींतून दिसतं.

आमच्या घरात संध्याकाळी साडेसहा ते आठ हा पट्टा दिसला. सून बँकेतून येते, नातवाचा गृहपाठ राहिलेला असतो, कुकर लागलेला असतो, बाहेर टीव्हीवर बातम्यांत माणसं ओरडत असतात आणि यांना त्याच वेळी उद्याची कामं ठरवायची असतात. आम्ही काय केलं? ती आली की आधी चुरमुरे-शेंगदाणे नाहीतर एक केळं. तोवर कुणी काही विचारायचं नाही. टीव्ही जेवणानंतर. उद्याची कामं सकाळच्या चहाला. पोळ्या मी दुपारीच करून ठेवते. गरमच पोळी हवी असा हट्ट यांनी सोडला. घर एकदम बदललं असं नाही, पण त्या दीड तासातली आदळआपट गेली.

भडका उडालाच तर

समोरचा भडकला असेल तेव्हा त्याला पटवून द्यायला जाऊ नका, त्याला तेव्हा ऐकू येत नाही. आपला आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली ठेवा. उभे असाल तर बसा. हात कमरेवर किंवा छातीवर बांधून उभं राहू नका. बघे हटवा, वॉर्डात आम्ही भोवती जमलेल्या नातेवाइकांना चहा आणायला, कागद झेरॉक्स करायला असं काहीतरी सांगून पाठवायचो, कारण चार लोकांसमोर चिडलेल्या माणसाला मागं येता येत नाही. एकच छोटं वाक्य बोला: "तुम्हाला त्रास झालाय, दिसतंय मला." मग गप्प राहा. अंगाला हात लावू नका. जायची वाट मोकळी ठेवा, त्याचीही आणि तुमचीही.

स्वतःचा भडका उडतोय असं वाटलं तर ती जागा सोडा, पण सांगून सोडा: "मी खाली जाऊन दहा मिनिटांत येतो." न सांगता निघून गेलं की मागे राहिलेल्याचा त्रागा सुरू होतो. आणि परत या.

निवल्यावर लहानांचीसुद्धा माफी मागा. "मघाशी मी तुझ्यावर खेकसले. चूक तुझी नव्हती, माझी झोप झाली नव्हती." त्यानंतर "पण तूसुद्धा" हे शब्द जोडायचे नाहीत.

मारहाण मात्र यात बसत नाही. हात उचलणारा माणूस "माझा स्वभाव तापट आहे" म्हणतो आणि तो साहेबांसमोर कधी हात उचलत नाही. त्याची भूक, झोप, शुगर तपासत बसायची जबाबदारी मार खाणाऱ्या बाईची नाही. ११२ वर पोलीस मिळतात, १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज चिडचिड होत असेल, कामावर किंवा घरात नाती तुटायला लागली असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. जायला जमत नसेल किंवा संकोच वाटत असेल तर टेलिमानसला फोन करा, १४४१६. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, आणि तिथं केसपेपर काढला म्हणजे दाखल करून घेतात असं नाही.

ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतील. तेवढ्यात "हल्ली फार चिडचिड होते" एवढंच सांगितलं तर डॉक्टर "टेन्शन कमी घ्या" म्हणून मोकळे होतील. त्याऐवजी असं सांगा: "दिवाळीपासून होतंय. रोज संध्याकाळी होतं. आधी असं नव्हतं. वजन चार किलो उतरलंय, धडधडतं, झोप तीनला मोडते. या गोळ्या चालू आहेत." गोळ्यांची नावं पाठ नसतील तर रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. कॅलेंडरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून न्या. आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस सोबत न्या. कधीपासून आणि किती, हे चिडणाऱ्यापेक्षा शेजारी राहणाऱ्याला जास्त नीट सांगता येतं. तपासणीच्या खोलीत मात्र थोडा वेळ पेशंटला डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या.